शिंप्याचा खिसा

टाकीकाकांनी लाकडी पट्टी टाकीच्या तोंडातून तळापर्यंत सोडली, मनात दहा आकडे मोजले, बाहेर काढली आणि हवेत दोनदा हलवली. पट्टीवर पांढरं दव धरत गेलं आणि चोविसाव्या खुणेपाशी थांबलं. ते आकडा लिहायला रजिस्टरकडे वळले, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची ती संशोधक मुलगी दारात उभी राहिली. हातात प्रबंधाची जाड वही होती, कडेला तारेचं बाइंडिंग.

"काका, हातमोजे काढा."

"का गं डॉक्टरीणबाई? अजून भरायचीय टाकी."

"मग मीच वाचते."

तिने पहिली दोन पानं उलटली. संशोधनाला मदत करणाऱ्यांचे आभार तिसऱ्या पानावर होते. मार्गदर्शक मॅडम झाल्या, आई झाली, वर्गातल्या दोन मैत्रिणी झाल्या. मग ती थांबली, घसा साफ केला आणि शाळेतल्या मुलीसारखं ताठ उभं राहून वाचू लागली.

"आणि तळमजल्यावरचे आमचे टाकीकाका. माझी पाच वर्षांची मेहनत त्यांच्या टाकीत होती. त्यांनी ती टाकी एक दिवसही कोरडी पडू दिली नाही."

टाकीकाकांनी नळी टाकीत सोडली आणि चावी फिरवली. द्रवरूप नायट्रोजन फसफसत आत गेला, तोंडातून पांढरा धूर उसळला आणि त्यांचा चष्मा पूर्ण धुरकटला. त्यांनी तो पुसला नाही.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "छापून झालं का?"

"परीक्षकांकडे गेलंसुद्धा. मंगळवारी तोंडी परीक्षा. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं."

"आणि मग?"

"मग नोकरी. मिळालीय, सांगितलं नाही का? फक्त त्यांना कळवून टाकलंय, गोठवायचं काम मला देऊ नका, संगणकावरचं द्या. माझे हात त्या कामाचे नाहीत हो. दोनशे वेळा केलं तेव्हा एकदा जमलं."

ती गेल्यावर ते बराच वेळ नळी धरून उभे राहिले. टाकी भरून नायट्रोजन फरशीवर सांडायला लागला तेव्हा त्यांनी चावी बंद केली.

संस्थेच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत टाकीकाका एकवीस वर्षं काम करत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढंच. वरच्या मजल्यावरच्या संशोधकांचे नमुने उणे दोनशे अंशांच्या आसपास सांभाळायचे, टाकीची पातळी मोजायची, भरायची, लिहायची. तिचे नमुने म्हणजे मसुराच्या डाळीएवढ्या तांब्याच्या जाळ्या. त्या जाळीवर थेंबाचाही हजारावा भाग, क्षणात गोठवलेला, आणि त्या गोठलेल्या थेंबात तिचं एन्झाइम.

एन्झाइम काय करतं हे तिने त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पेशीत पुष्कळ प्रथिनं नुसती पाण्यात तरंगत असतात. त्यांतल्या काहींना पेशीच्या पडद्याला धरून राहायचं असतं, कारण त्यांचं काम तिथे असतं. पण पडदा पडला मेदाचा आणि हे पडले पाण्यातले. तेलात पाणी मुरतं का? म्हणून हे एन्झाइम त्या प्रथिनाला मेदाची एक लांब शेपटी टाचून देतं. शेपटी पडद्यात रुतते आणि प्रथिन जागेवर बसतं.

"म्हणजे शिंपी," टाकीकाका म्हणाले होते.

"शिंपीच. पण गंमत ऐका. ती शेपटी तो आधी स्वतःच्या अंगाला टाचून घेतो. मग तिथून सोडवून दुसऱ्याला लावतो."

हे तिने घरीही सांगितलं असणार, कारण तेव्हापासून तिचे वडील फोनवर शिंप्याचीच चौकशी करायचे. ते शिलाई मशिनं दुरुस्त करत. रोज पाचच्या सुमारास त्यांचा फोन यायचा, तेव्हा ती बहुधा टाकीच्या खोलीत असायची. हातात मोजे, म्हणून फोन स्पीकरवर लावून टेबलावर.

"काय म्हणतोय तुझा शिंपी? आधी स्वतःला टाचतो नि मग गिऱ्हाइकाला! अहो काका, ऐकताय ना? असला शिंपी मी चाळीस वर्षांत पाहिला नाही."

"मीही नाही पाहिला," टाकीकाका टाकीवर वाकूनच उत्तर द्यायचे. "तुमची मुलगी म्हणते, आहे."

त्या शिंप्याचा चेहरामोहरा कसा आहे, शेपटी तो कुठे धरतो, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. ते पाहायचं हेच तिचं काम होतं.

अडीच वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार. टाकी जुनी होती, तिच्या दोन भिंतींमधली पोकळी खराब झाली होती, त्यामुळे नायट्रोजन भराभर उडून जायचा. एक दिवसाआड भरावी लागे. नवी मागवली होती, ती येतच होती. त्या शुक्रवारी घरी नवं कपाट यायचं होतं. माणसं जिन्यात कपाट वळवताना भिंत खरवडतील म्हणून बायकोने लवकर बोलावलं होतं. टाकीकाका तासभर आधी निघाले. निघताना रजिस्टरमध्ये "भरली" असं लिहिलं. रविवारी यायचंच आहे, तेव्हा दोन्ही वेळचं भरू.

रविवारी जेवण झालं आणि ते जरा आडवे झाले. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. बायको कपाटात कपडे लावत होती, घरात नव्या लाकडाचा वास होता. उद्या सकाळी पहिलं काम तेच, असं म्हणून ते कुशीवर वळले.

सोमवारी साडेसातला त्यांनी पट्टी टाकीत सोडली, दहा आकडे मोजले, काढली, हलवली. पट्टी कोरडी होती. त्यांनी पुन्हा सोडली. तोंडाशी हाताला गार वाफ लागली, बाकी काही नाही.

इमारतीत अजून कोणी आलं नव्हतं. त्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि रविवारच्या रकान्यात लिहिलं, बावीस. बाविसाचा दुसरा आकडा थोडा वाकडा आला. गारवा होताच की तळाशी, त्यांनी स्वतःला सांगितलं. वाचलेही असतील.

नमुने वाचले नव्हते. पण ते बाहेरून कळत नाही. तीन आठवड्यांनी ती जाळ्या घेऊन दुसऱ्या शहरातल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर गेली. त्यावरची वेळ मिळायलाच वर्ष लागलं होतं. दोन दिवसांनी परत आली ती थेट टाकीच्या खोलीत. रिकामा डबा तिने टेबलावर ठेवला.

"सगळीकडे बर्फाचे खडे," ती म्हणाली. "एकूण एक जाळी. नीट गोठवलं तर पाणी काचेसारखं राहतं काका, खडे धरत नाही. म्हणजे माझ्या हातून उशीर होतोय. पाव सेकंदाचा असेल. मॅडम म्हणाल्या, हात बसायला वेळ लागतो."

टाकीकाकांनी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. निवृत्तीला चार वर्षं होती. मागच्याच महिन्यात शेजारच्या विभागातल्या एकाला खोट्या नोंदीवरून घरी बसवलं होतं.

"टाकी ठीक होती ना हो?" तिने सहज विचारलं.

"टाकी ठीक होती."

त्यानंतर तिने सगळं मुळापासून धरलं. पेशी वाढवायच्या, त्यांचे पडदे वेगळे करायचे, साबणाच्या पाण्यात घालून त्यातून एन्झाइम सोडवून घ्यायचं. मोठ्या फ्लास्कभर पेशींमागे चमचाभरही हाती लागत नाही. आठ महिने. मधल्या वेळात ती साध्या पाण्याचे थेंब गोठवून हात बसवत असे. काम करताना ती उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरू लागली. आधी ती तसं करत नव्हती.

वडील आजारी पडले ते त्याच काळात. पाचचा फोन येत राहिला, आवाज बारीक झाला.

"तू ये म्हणालास तर येते बाबा."

"छे गं. शिंप्याला अर्धवट टाकून येतेस कुठे? जमलं की ये."

"जमलं की येते."

एका दुपारी ती वर होती आणि तिचा फोन टाकीच्या खोलीत राहिला होता. पाच वाजता तो वाजला. दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा वाजला तेव्हा टाकीकाकांनी उचलला. तिचे वडील जवळजवळ दहा मिनिटं त्यांच्याशी बोलले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते बोलले, आणि मग पोरीला एकदा पाठवा म्हणाले. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका. माझ्यासाठी काम टाकून आली असं तिला नको वाटायला.

टाकीकाका फोन घेऊन दोन जिने चढले. काय सांगायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, चूक माझी होती, तू निवांत घरी जा. एवढं एकच वाक्य असं होतं की जे ऐकून ती गेली असती. दुसऱ्या कशानेही ती हलणार नव्हती. दाराच्या काचेतून त्यांना ती दिसली, मनगट धरून, ओठ मुडपून थेंब सोडताना. ते आत गेले. फोन टेबलावर ठेवला.

"खाली राहिला होता," ते म्हणाले. "चहा घेतलास का?"

एकोणिसाव्या दिवशी वडील गेले.

आभाराचं पान वाचून दाखवल्याच्या संध्याकाळी टाकीकाका घरी आले आणि चपला न काढताच खुर्चीवर बसले. बायकोला सगळं माहीत होतं, म्हणजे टाकीचं माहीत होतं. फोनचं त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "पोरीला पदवी मिळतेय, नोकरी मिळतेय. आता उकरून कोणाचं भलं होणारे?"

"तिने लिहिलंय, एक दिवसही कोरडी पडू दिली नाही."

"लिहू दे की. लोक काय, वाट्टेल ते लिहितात."

"ती हात धरून काम करते गं."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून त्यांच्या चपला काढल्या आणि कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, तिने असं कधी केलं नव्हतं.

सोमवारी ते रजिस्टर काखेत घेऊन वर गेले. ती उद्याची चित्रं लावत होती. त्यांनी ते पान उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि तिने बसा म्हटलं तरी उभं राहूनच सगळं सांगितलं. कपाट, जेवणानंतरची झोप, बावीस.

शेवटी तिने विचारलं, "भरलीत कधी?"

"सोमवारी. साडेसातला."

"तेव्हा पट्टी?"

"कोरडी."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

"म्हणजे मी बरोबर गोठवलं होतं."

"बरोबरच होतं."

"पहिल्याच खेपेला."

"हो."

ती हसली. खरोखर हसली, आणि ते हसू अर्ध्यातच थांबलं. तिची बोटं टेबलावर एकेक करून हलू लागली. ती महिने मोजत होती हे टाकीकाकांना कळलं. आठवं बोट टेकलं आणि ती थांबली.

"काका, तुम्ही आता जा," ती म्हणाली. "रजिस्टर राहू दे इथे."

फोनचं अजून सांगायचं होतं. ते जिभेवर आलं होतं. ते दारापर्यंत गेले, कडीला हात लावून क्षणभर थांबले आणि बाहेर पडले. एवढं सांगितलं तेच पुष्कळ झालं, असं त्यांनी जिना उतरताना मनाशी म्हटलं, आणि तसं म्हटल्याचीच त्यांना लाज वाटली.

मंगळवारी ते शेवटच्या रांगेत बसले. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, मऊ आवाजात बोलत. त्यांनी प्रबंधातलं एक पान काढलं.

"पहिल्या संचातले सगळे नमुने गेले. कारण दिलंय, हाताळणीतला दोष. कोणता दोष?"

"ती ओळ चुकीची आहे सर. मी दुरुस्त करीन," ती म्हणाली. "नमुने चांगले होते. साठवण्याची टाकी कोरडी पडली होती."

मॅडमनी मान वर केली.

"टाकीची नोंद असते ना?"

"नोंदीत ती भरलेली आहे."

सभागृहात कोणीतरी फस्सकन हसलं. ती मागे पाहत नव्हती. टाकीकाका उभे राहिले. खुर्चीची बैठक मागून खाडकन मिटली.

"नोंद मी लिहितो," ते म्हणाले. "खोटी लिहिली होती."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "बसा," ते म्हणाले, आणि तिच्याकडे वळले. "पुढे. तो खिसा दाखवा."

तिने चित्र लावलं. पडद्यातून आरपार गेलेले चार खांब, वर एकमेकांकडे झुकलेले, तंबूसारखे. त्यांच्या मधोमध एक अरुंद खोल पोकळी, तोच खिसा. मेदाची शेपटी त्यात सरळ बसलेली, टोकाला एन्झाइमच्याच अंगाला जोडलेली. खिशाच्या तळाशी एक जाडसर गाठ आहे, ती म्हणाली. शेपटी किती लांबीची घ्यायची ते ती गाठ ठरवते. गाठ काढून तिथे लहान तुकडा घातला तर शिंपी आणखी लांब शेपटी घ्यायला लागतो. हे तिने करून पाहिलं होतं. "शिंपी" हा शब्द तोंडातून गेल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. परीक्षकांच्या आलं, ते हसले. ती स्पष्ट, न अडखळता बोलत होती आणि बोलताना तिचे दोन्ही हात मोकळे होते.

आठवड्याभरात पत्र आलं. वेतनवाढ थांबवली होती, टाकी दुसऱ्याकडे दिली होती. टाकीकाकांना काचसामान धुण्याच्या खोलीत बसवलं. मॅडम वाटेत भेटल्या तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. पूर्वी त्या थांबून गुडघ्यांची चौकशी करत. बायकोने पत्र वाचून घडी घातली आणि तेव्हा आणलेल्या त्या कपाटात ठेवलं.

ती जायच्या दिवशी काचसामानाच्या खोलीत आली. खांद्याला पिशवी होती. बाहेर गाडी उभी होती.

"नोकरीवर कळवलं, गोठवायचं काम करीन म्हणून," ती म्हणाली.

टाकीकाकांनी हातातली नळी ब्रशसकट खाली ठेवली. "बरं केलंस."

"मी फार रागावले होते काका. अजून आहे थोडी." तिने ओट्यावरचं एक बूच उचललं आणि बोटांत फिरवत राहिली. "पण माणूस झोपतो, विसरतो. मी नाही का कधी विसरत? बाबांचं म्हणाल तर तो दोष तुमच्यावर कसा घालू? जायचं असतं तर मी तशीही गेले असते. त्यांनी एकदाही ये म्हटलं नाही. कधी वाटतं, बरं झालं, म्हणजे त्यांनी बोलावलं आणि मी गेले नाही असं तरी झालं नाही. आणि कधी वाटतं, एकदाही कसं म्हणाले नाहीत? शेवटी शेवटी मी नको होते का त्यांना?"

नळ थेंब थेंब गळत होता. टाकीकाकांनी तो आवळून बंद केला. तिच्या बोलण्यात दोन बाजू होत्या आणि गप्प राहिलं तर निदान एक बाजू सुखरूप राहणार होती. दोन दिवसांपूर्वीच त्यांनी गप्प राहायचं ठरवून उत्तर तयार ठेवलं होतं. जा, पोचलीस की कळव.

"म्हणाले होते," ते म्हणाले.

तिने बूच खाली ठेवलं.

"तुझा फोन खाली राहिला होता एकदा. मी उचलला. तुला पाठव म्हणाले. मी वर आलो होतो सांगायला. तुला सांगायचं तर टाकीचंही सांगावं लागलं असतं. मी चहा घेतलास का म्हणालो आणि परत गेलो."

पिशवी खांद्यावरून घसरून कोपरात आली तरी तिने सावरली नाही.

"किती दिवस आधी?" तिने विचारलं.

"एकोणीस."

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. तिने दाराकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर बसली.

"काय म्हणाले? त्यांच्या शब्दांत सांगा. तुमच्या नको."

टाकीकाकांनी ओले हात अंगावरच्या कोटाला पुसले. मग पुन्हा पुसले.

"म्हणाले, काका, त्या शिंप्याला सांगा, दोन दिवस दुकान बंद ठेव म्हणावं. माझ्याकडे एक मशीन आलंय, त्याचा टाका सारखा सुटतोय. पोरीला म्हणावं, बघून जा."

हॉर्न पुन्हा वाजला.

"परत सांगा," ती म्हणाली.